ट्रान्सजेंडर आरोग्य आणि एचआयव्ही: आरोग्य कर्मचाऱ्यांना नेमकं काय शिकवायला हवं?

एचआयव्हीवरचे उपचार आज इतके सोपे झाले आहेत की वेळेवर निदान होऊन रोजची गोळी न चुकता घेणारा माणूस जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगतो. रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात, एक जोडीदार बाधित आणि उपचारांवर, दुसरा अबाधित, अशा गे जोडप्यांमधल्या कंडोमशिवायच्या सुमारे ७६,००० संबंधांची नोंद झाली. बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. लागण होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी आहे, आणि आता वर्षातून दोनदाच घ्यायचं इंजेक्शनही आलं आहे.

इतकं सगळं हाताशी असताना ट्रान्सजेंडर माणसांना, त्यातही ट्रान्स स्त्रियांना, एचआयव्हीची झळ अजूनही फार मोठ्या प्रमाणात बसते. औषध कपाटात आहे आणि माणूस गेटवरून परत जातो आहे, अशी ही परिस्थिती आहे. तो परत का जातो, आणि त्याला थांबवायला डॉक्टर, नर्स, समुपदेशक, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट आणि खिडकीवर केस पेपर काढणाऱ्या माणसाला काय शिकवावं लागतं, ते या लेखात पाहू.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. जन्माच्या वेळी नोंद मुलगा अशी झाली, पण जी स्वतःला स्त्री म्हणून ओळखते, ती ट्रान्स स्त्री. नोंद मुलगी अशी झाली आणि जो स्वतःला पुरुष म्हणून ओळखतो, तो ट्रान्स पुरुष. या दोन्ही चौकटींत न बसणारी माणसंही असतात, त्यांना नॉन-बायनरी म्हणतात. कुणी हार्मोन घेतं, कुणी शस्त्रक्रिया करून घेतं, कुणी यातलं काहीच करत नाही. हा मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. तिला वर्गीकरणातून पूर्ण वगळलं नाही, कारण नोंदच नसेल तर उपचार आणि विमा मिळणं अवघड होतं.

आकडे आणि त्यांचं वाचन

वेगवेगळ्या देशांतले अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झालं. त्यात ट्रान्स स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे १९.९ टक्के, तर ट्रान्स पुरुषांमध्ये सुमारे २.६ टक्के निघालं. दोन्ही आकडे सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पण ते जपून वाचायला हवेत. अशा अभ्यासांत भाग घेणारे बरेच जण शहरांतले असतात, दवाखान्यांतून किंवा देहविक्री करणाऱ्यांच्या वस्त्यांतून निवडलेले असतात. त्यामुळे ‘प्रत्येक पाच ट्रान्स स्त्रियांमागे एक बाधित’ असं सरसकट म्हणणं चूक आहे. प्रशिक्षणात पहिल्या तासाला हाच आकडा फळ्यावर लिहून पुढे गेलं, तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकच समीकरण पक्कं बसतं: ट्रान्स म्हणजे एचआयव्ही. मग पाय मुरगळला म्हणून आलेल्या बाईलाही आधी रक्त तपासायला पाठवलं जातं.

धोका ओळखीतून येत नाही, परिस्थितीतून येतो. काही भाग शरीरशास्त्राचा आहे. जोडीदार बाधित असून उपचारांवर नसेल, तर गुदमार्गाने संबंध स्वीकारणाऱ्याला दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ वेळा लागण होते. योनीमार्गाने स्वीकारणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हाच अंदाज सुमारे ८ आहे. पण त्याहून मोठा भाग समाजाचा आहे. घरातून हाकललं जाणं, शाळा सुटणं, नोकरी न मिळणं, त्यातून देहविक्रीवर गुजराण, तिथे कंडोमचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक जाण्याची किंवा मार खाण्याची भीती. डॉक्टर हार्मोन लिहून देत नाहीत म्हणून ते बाहेरून मिळवून, कधी एकाच सुईने दोघी-तिघींनी टोचून घेणं. शरीराला आकार यावा म्हणून कुठल्याशा खोलीत सिलिकॉन भरून घेणं. या प्रत्येक टप्प्यावर विषाणूला वाट मिळते, आणि यातल्या काही वाटा तरी दवाखान्याला थेट बंद करता येण्यासारख्या आहेत.

नुसते तास वाढवून भागत नाही

२०११ साली अमेरिका आणि कॅनडातल्या वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर रुग्णांशी संबंधित सगळे विषय मिळून संपूर्ण अभ्यासक्रमात दिलेल्या तासांचा मध्यक (सगळे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) अवघा ५ होता, आणि जवळपास एक तृतीयांश महाविद्यालयांत प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याच्या वर्षांत यासाठी एकही तास नव्हता. तास वाढवले की प्रश्न सुटेल, असा कुणाचाही समज होईल.

पण २०१९ साली अमेरिकेतल्याच एका अभ्यासाने वेगळी गोष्ट दाखवली. प्राथमिक सेवा देणाऱ्या डॉक्टरांना ट्रान्स आरोग्याचं ज्ञान किती आहे ते तपासलं गेलं. त्यांनी या विषयाचं किती तास शिक्षण घेतलं होतं, याचा त्या ज्ञानाशी संबंध सापडला नाही. ज्याचा संबंध सापडला तो होता ट्रान्स माणसांविषयीचा आकस. आकस जास्त, तिथे ज्ञान कमी. याचा सरळ अर्थ मला असा दिसतो: मनात अढी असेल तर स्लाइड्स कितीही दाखवा, त्या आत जात नाहीत. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात विषाणूपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी माणूस, मग शरीर, मग औषध.

अढी भाषणाने जात नाही. ती काही अंशी जाते ती ओळखीने आणि सरावाने. म्हणून शिकवणाऱ्यांत ट्रान्स व्यक्ती असायलाच हव्यात, आणि त्याही ‘आपली करुण कहाणी सांगायला बोलावलेले पाहुणे’ म्हणून नकोत. त्यांच्याकडे संपूर्ण सत्राची जबाबदारी असावी, त्यांनी प्रश्न विचारावेत, चुका दाखवाव्यात, आणि या कामाचं त्यांना इतर तज्ज्ञांइतकंच मानधन मिळावं. फुकट बोलावून दुःख सांगायला लावणं हा अपमानच आहे, आणि समोर बसलेले कर्मचारी त्यातून नको तेच शिकतात.

खिडकीवर काय घडतं

समजा एक ट्रान्स स्त्री ओपीडीत आली. केस पेपरवर कागदपत्रातलं जुनं, पुरुषी नाव. बाकड्यावर चाळीस माणसं. खिडकीतून ते नाव मोठ्याने पुकारलं जातं. साडी नेसलेली बाई उठते, सगळ्यांच्या माना वळतात, कुणीतरी हसतं. डॉक्टरांनी अजून तिला पाहिलंही नाही, आणि तिने बहुधा ठरवून टाकलं आहे की पुन्हा इथे यायचं नाही. एचआयव्हीच्या उपचारात महिन्यामागून महिने यावं लागतं, त्यामुळे हा एक क्षण एखाद्या चुकीच्या प्रिस्क्रिप्शनइतकाच घातक ठरतो.

उपाय साधे आहेत. नावाऐवजी नंबर पुकारा. केस पेपरवर कागदोपत्री नावाबरोबर ‘हाक मारायचं नाव’ असा रकाना ठेवा. ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ हा प्रश्न सगळ्यांनाच विचारा, म्हणजे तो कुणा एकाला वेगळं काढल्यासारखा वाटत नाही. मराठीत तर ‘तुम्ही कधी आलात’, ‘तुम्ही बसा’ असं बोललं की लिंग उघड होतच नाही. पहिल्या भेटीत खात्री नसेल तेव्हा एवढ्यावर सहज निभावतं. चूक झालीच तर एकदा ‘माफ करा’ म्हणून योग्य शब्द वापरायचा आणि पुढे जायचं. पाच मिनिटं दिलगिरी व्यक्त करत बसलं की समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते.

लिंगाच्या नोंदीसाठी दोन प्रश्नांची पद्धत वापरतात. आज तुम्ही स्वतःला काय म्हणून ओळखता, हा एक. जन्माच्या वेळी नोंद काय झाली होती, हा दुसरा. दोन्ही उत्तरं एकत्र असतील तरच ट्रान्स रुग्ण किती आले, किती जणांची तपासणी झाली, किती जण उपचारांवर टिकले हे कळतं. ही माहिती कशासाठी विचारतो आहोत आणि ती कोण पाहणार, हे मात्र आधी सांगायला हवं, आणि उत्तर न देण्याची मुभाही हवी.

म्हणूनच प्रशिक्षण फक्त डॉक्टरांचं करून चालत नाही. रखवालदार कोणत्या रांगेत उभं करतो, वॉर्डबॉय कोणत्या वॉर्डातली खाट दाखवतो, मावशी कोणत्या स्वच्छतागृहाकडे बोट दाखवतात, लॅबमध्ये रिपोर्ट देताना किती मोठ्याने बोललं जातं, यावर रुग्ण टिकणार की नाही हे ठरतं.

विचारायचं काय, आणि कशासाठी

एक सराव मला फार उपयोगी वाटतो. तिघांचा गट करायचा: एक रुग्ण, एक नर्स, एक निरीक्षक. रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: वय २६, ट्रान्स स्त्री, तीन दिवस ताप आणि घसा दुखतो. निरीक्षकाने मत द्यायचं नाही, नर्सने विचारलेला प्रत्येक प्रश्न तसाच्या तसा लिहायचा. मग सगळे मिळून एकेका प्रश्नावर बोट ठेवायचं: हे कळल्याशिवाय आज उपचार करता आले नसते का?

अशा वेळी अगदी सुरुवातीलाच येऊ शकणारा प्रश्न म्हणजे ‘ऑपरेशन झालंय का?’ घशाच्या तपासणीला त्याचा काही उपयोग नाही. ते नुसतं कुतूहल आहे. हाताचं हाड मोडून आलेल्या ट्रान्स माणसाचाही प्रत्येक त्रास त्याच्या हार्मोनशी आणि ओळखीशी जोडायचा, या सवयीला इंग्रजीत ‘ट्रान्स ब्रोकन आर्म सिंड्रोम’ असं नावच पडलं आहे.

पण या चिठ्ठीत दुसरी बाजूही आहे. ताप, घसादुखी, मानेत गाठी, अंगावर पुरळ ही एचआयव्हीची लागण नुकतीच झाल्याची लक्षणंही असू शकतात. म्हणजे गेल्या काही आठवड्यांतल्या लैंगिक संबंधांविषयी विचारणं इथे गरजेचं आहे. लाजून तो प्रश्न टाळणारी नर्स आणि कुतूहलाने भलताच प्रश्न विचारणारी नर्स, दोघींच्याही हातून निदान निसटतं. शिकायचं ते हेच: प्रश्नाआधी कारण सांगायचं. ‘तुमच्या तापाचं कारण शोधण्यासाठी मला काही खासगी प्रश्न विचारावे लागतील, सगळ्यांनाच विचारते, नको वाटलं तर सांगा.’ आणि इतक्या सुरुवातीच्या दिवसांत प्रतिपिंड शोधणारी झटपट चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे ती पुन्हा करावी लागेल, हेही तेव्हाच सांगायचं. संशयास्पद संबंध गेल्या ७२ तासांतला असेल तर वाट पाहायची नाही; लागण रोखणारी औषधं लगेच सुरू करून २८ दिवस द्यायची.

तपासणीत नेम धरायचा तो त्या माणसाकडे प्रत्यक्षात असलेल्या अवयवांवर. ट्रान्स पुरुषाला गर्भाशयाचं मुख असेल तर त्याच्या कर्करोगाची तपासणी त्यालाही हवी, आणि तो एचआयव्हीबाधित असेल तर जास्तच हवी. बाधित स्त्रियांमध्ये हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे सहापट असते आणि त्यांची तपासणी २५व्या वर्षापासून सुरू करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, तपासणी दुखते, नमुनाही अपुरा येऊ शकतो. लहान स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून पाहायचं उपकरण), भरपूर वंगण, किंवा नमुना स्वतःचा स्वतः घेऊ देणं, यामुळे नाही म्हणणारा माणूस कबूल होतो. ट्रान्स स्त्रीची योनी शस्त्रक्रियेने तयार केली असली तरी प्रोस्टेट जागच्या जागीच असतं. लैंगिक आजारांसाठी फक्त लघवी तपासली तर घशातला आणि गुदमार्गातला गोनोरिया किंवा क्लॅमिडिया हातून सुटतो, म्हणून जिथे संबंध येतो त्या प्रत्येक जागेचा नमुना घ्यायला हवा.

ट्रान्स पुरुषांकडे प्रशिक्षणात फार कमी लक्ष दिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्यातले अनेक जण पुरुषांशी संबंध ठेवतात, पण त्यांना एचआयव्हीबद्दल कुणी विचारतच नाही. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली तरी ते गर्भनिरोधक नाही. गर्भ राहू शकतो, आणि बाळाला लागण होऊ नये म्हणून मग वेळेत निदान लागतं.

हार्मोन आणि एचआयव्हीची औषधं

माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचं मर्म इथे आहे. अनेक ट्रान्स स्त्रियांसाठी हार्मोन ही आधीची गरज असते. आरशात स्वतःला ओळखता येणं त्यावर अवलंबून असतं. एचआयव्हीची गोळी आणि हार्मोन यांत एकाचीच निवड करायची आहे असं तिला वाटलं, तर ती हार्मोन निवडण्याची शक्यता मोठी आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका अभ्यासात एचआयव्हीबाधित ट्रान्स स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींना ही औषधं एकमेकांत गडबड करतील अशी भीती होती, आणि त्या भीतीमुळे अनेक जणी औषधं सांगितल्याप्रमाणे घेत नव्हत्या. बऱ्याच जणींनी हे डॉक्टरांना विचारलंही नव्हतं.

वस्तुस्थिती दिलासा देणारी आहे. ट्रान्स स्त्रिया घेतात त्या इस्ट्रॅडिऑल या स्त्री-हार्मोनचं विघटन यकृतात होतं. एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापीन ही एचआयव्हीवरची जुनी औषधं हे विघटन वाढवतात, त्यामुळे रक्तातलं इस्ट्रॅडिऑल कमी पडू शकतं. रिटोनाव्हिर आणि कोबिसिस्टॅट ही दुसऱ्या औषधांचा जोर टिकवण्यासाठी दिली जाणारी औषधं पातळी इकडेतिकडे करू शकतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. पण एचआयव्हीच्या उपचारांत जगभरात आज पहिली पसंती असलेल्या डोलुटेग्राव्हिरचा इस्ट्रॅडिऑलशी लक्षात घेण्याजोगा संघर्ष नाही. म्हणजे बहुतेक वेळा उत्तर इतकंच असतं: दोन्ही घ्या, मी पातळी तपासत राहीन. ‘आधी हार्मोन बंद करा, मग बघू’ हे वाक्य रुग्ण गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

त्यातही बारकावे आहेत. पर्याय नाही म्हणून काही जणी दुकानातल्या गर्भनिरोधक गोळ्या एका दिवसात तीन-चार घेतात. त्यांत बहुधा इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं आणि त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. धूम्रपान असेल तर आणखी. इथे रागावून उपयोग नाही, साधं इस्ट्रॅडिऑल योग्य मात्रेत लिहून द्यायला हवं. दुसरा बारकावा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. पुरुषी हार्मोनचा परिणाम कमी करायला स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते रक्तातलं पोटॅशियम वाढवतं. प्रतिकारशक्ती खालावलेल्या एचआयव्ही रुग्णाला इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल देतात, तेही पोटॅशियम वाढवतं. दोन वेगळ्या डॉक्टरांनी, एकमेकांची चिठ्ठी न पाहता, ही दोन औषधं लिहिली तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. रक्त तपासलं की धोका वेळीच कळतो. पण त्यासाठी रुग्णाने हार्मोन घेत असल्याचं न घाबरता सांगायला हवं, आणि ते ती खिडकीवर कशी वागणूक मिळाली त्यावरून ठरवते.

रिपोर्ट वाचतानाही डोळस राहावं लागतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचं हिमोग्लोबिन स्त्रियांच्या मोजपट्टीवर जास्त दिसतं. ते पुरुषांच्या मोजपट्टीवर पाहायचं. मूत्रपिंडाचं काम मोजण्याच्या सूत्रात स्त्री की पुरुष हे भरावं लागतं, आणि डोलुटेग्राव्हिर मूत्रपिंडाला इजा न करताही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम ज्यावरून मोजतात तो रक्तातला घटक) थोडं वाढवतं. दोन्ही लक्षात न घेता नुसता आकडा पाहून औषध बदलणं घाईचं ठरेल.

लागण होण्याआधी

प्रतिबंधक गोळीला प्रेप म्हणतात. तिच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, आयप्रेक्समध्ये, सुमारे २,५०० जण होते आणि त्यांत ३३९ ट्रान्स स्त्रिया होत्या. २०१० मध्ये निकाल आले तेव्हा त्यांची गणना पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्येच झाली होती. २०१५ मध्ये त्यांचं वेगळं विश्लेषण झालं, आणि औषध मिळालेल्या गटात ११ तर खोट्या गोळीच्या गटात १० जणींना लागण झाल्याचं दिसलं. म्हणजे ट्रान्स स्त्रियांमध्ये गोळी चालतच नाही की काय? तपशिलात उत्तर होतं: औषधाच्या गटातल्या ज्यांना लागण झाली, त्यांच्यापैकी एकीच्याही रक्तात लागणीच्या वेळी औषध सापडलं नाही. गोळी पोटात गेलीच नव्हती. ज्या जणी हार्मोन घेत होत्या त्यांच्यात गोळी नियमित न घेण्याचं प्रमाण जास्त होतं, म्हणजे इथेही तीच भीती असण्याची शक्यता आहे. पुढे थायलंडमधल्या एका लहान अभ्यासात प्रेपमुळे इस्ट्रॅडिऑल कमी होत नाही असं दिसलं. उलट हार्मोनमुळे प्रेपच्या गोळीतल्या टेनोफोव्हिर या औषधाची पातळी सुमारे १३ टक्के कमी झाली. रोज गोळी घेणाऱ्यासाठी ही घट किरकोळ मानली जाते, पण याच कारणाने इस्ट्रॅडिऑल घेणाऱ्यांना ‘फक्त संबंधाच्या आधी आणि नंतर’ ही पद्धत सुचवत नाहीत, रोजची गोळी सुचवतात.

इंजेक्शनांनी हा प्रश्न बराच सोपा केला आहे, पण तिथेही एक गोष्ट शिकवावी लागते. कॅबोटेग्राव्हिरचं इंजेक्शन नितंबाच्या स्नायूत खोलवर, सुरुवातीचे दोन डोस झाले की दर दोन महिन्यांनी देतात. नितंबात सिलिकॉन किंवा इतर फिलर भरलेलं असेल तर औषध स्नायूत न जाता भलतीकडेच राहू शकतं. म्हणून सुई उचलण्याआधी नर्सने हळू आवाजात, पडदा ओढून विचारायचं, ‘इथे कधी काही भरून घेतलंय का?’ इथे हा प्रश्न कुतूहलाचा नाही, औषध लागू पडण्यासाठी लागणारा आहे. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाव्हिर त्वचेखाली देतात. २०२४ मध्ये निकाल आलेल्या त्याच्या एका मोठ्या चाचणीत ट्रान्स स्त्रिया, ट्रान्स पुरुष आणि नॉन-बायनरी व्यक्तींना सुरुवातीपासून सामील केलं होतं, आणि ते घेणाऱ्या सुमारे २,१८० जणांपैकी फक्त दोघांना लागण झाली. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

प्रशिक्षण संपल्यावर

बँकॉकमध्ये थाई रेडक्रॉसच्या एड्स संशोधन केंद्रात २०१५ साली टँजरीन हे केंद्र सुरू झालं. तिथे हार्मोनची तपासणी आणि एचआयव्ही सेवा एकाच छताखाली मिळतात, आणि काम करणाऱ्यांत ट्रान्स माणसं आहेत. हार्मोनसाठी आलेली बाई त्याच भेटीत एचआयव्हीची चाचणी करून घेते. हैदराबादला जानेवारी २०२१ मध्ये याच विचारावर ‘मित्र’ क्लिनिक उघडलं, पुढे कल्याण आणि पुण्यातही तशीच केंद्रं झाली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबला तेव्हा भारतातल्या या तीन केंद्रांचं काम बंद पडलं. खास केंद्रं किती मोलाची असतात आणि किती कच्च्या धाग्यावर उभी असतात, हे दोन्ही त्यातून दिसतं. निधी गेला तरी साधा सरकारी दवाखाना उभा असतो, आणि म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याचं शिकणं इतकं महत्त्वाचं आहे.

शिकलेलं टिकलं का, हे आधी आणि नंतरच्या प्रश्नपत्रिकेने कळत नाही. गुण तर सगळ्यांचेच वाढतात. पाहायचं ते सहा महिन्यांनी: पहिल्यांदा आलेल्या ट्रान्स रुग्णांपैकी दुसऱ्यांदा किती आले? चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांची औषधं सात दिवसांच्या आत सुरू झाली? विषाणू किती जणांचा दबला? समुदायातल्या प्रशिक्षित व्यक्तीने साधी रुग्ण बनून भेट दिली तेव्हा खिडकीवर काय ऐकायला मिळालं? अशी भेट कुणाला शिक्षा करण्यासाठी नसते. कोणत्या टेबलावर पुन्हा सराव हवा ते कळण्यासाठी असते, आणि ती होणार आहे हे कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

शिवाय माणसं बदलतात. शिकलेली नर्स दुसरीकडे जाते, नवा क्लार्क येतो, आणि पुन्हा जुनं नाव मोठ्याने पुकारलं जातं. म्हणून नियम लेखी हवेत: हाक मारायच्या नावाचा रकाना छापील केस पेपरवरच हवा, खाट ओळखीनुसार देण्याचा आदेश वॉर्डात लावलेला हवा, रुग्णाचं निदान इतरांना सांगणाऱ्यावर काय कारवाई होईल हे ठरलेलं हवं, हार्मोन आणि एचआयव्ही औषधांचा एकपानी तक्ता डॉक्टरांच्या टेबलावर हवा. नव्याने रुजू होणाऱ्याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पहिल्याच महिन्यात व्हावं, आणि ते घेणाऱ्या ट्रान्स प्रशिक्षिकेचं मानधन दवाखान्याच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरलेलं असावं.